1 ते n चा लसावि कधी कधी वाढतच नाही, असं का?

क्रम लिहून बघा: 1, 2, 6, 12, 60, 60, 420, 840, 2520, 2520, 27720... 5 आणि 6 ला तोच 60, 9 आणि 10 ला तोच 2520.

गंमत अशी की 6 साठी लागणारे 2 आणि 3 आधीच 60 मध्ये बसलेले आहेत, म्हणून 6 आला काय नि न आला काय, फरक शून्य. 8 चं तसं नाही. 420 मध्ये 2 फक्त दोनदाच आहे, 8 ला तीनदा हवा. म्हणून आणखी एक 2 घालावा लागतो आणि 840 होतात.

थोडक्यात, n ही मूळ संख्या किंवा एखाद्या मूळ संख्येचा घात असेल तरच लसावि वाढतो, आणि तोही नेमका त्या मूळ संख्येच्या पटीत. 9 ला तिप्पट होतो, नऊपट नाही. (इथे बरेच जण चुकतात.) 32 नंतर थेट 37 पर्यंत हा क्रम ढिम्म हलत नाही.

तरी वाढ जबरदस्त आहे. n मोठा होत गेला की या लसाविचं n वं मूळ e कडे, म्हणजे 2.718 च्या आसपास सरकतं. हे विधान म्हणजे वेगळ्या वेषातलं मूळ संख्यांचं प्रमेयच (दिलेल्या संख्येपर्यंत साधारण किती मूळ संख्या असतात ते सांगणारं), जे आदामार आणि द ला व्हाले-पूसँ या गणितज्ञांनी 1896 मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केलं.