बाँडवर लिहून दिलं, तरी हात उचललाच

प्रश्न : माझं माहेर धारूर तालुक्यात, सासर केज तालुक्यात. लग्नाला नऊ वर्षं झाली. आम्ही दोघं दरवर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला जातो. नवरा दारू पिऊन मारतो. गेल्या वर्षी भावकी बसली, तेव्हा ‘पुन्हा हात उचलणार नाही’ असं त्यानं बाँडवर लिहून दिलं. यंदा सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर होतो. तिथं कोपीवर, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या झोपडीत, त्यानं कोयत्याच्या मुठीनं खांद्यावर मारलं. दवाखान्यात तो शेजारीच उभा होता, म्हणून मी ‘मोळी घेऊन पडले’ असं सांगितलं. अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन एसटीनं माहेरी आले. सात वर्षांची मुलगी सासूजवळ आहे, तिला देत नाहीत. इथले पोलीस म्हणाले, मारलं तिथं जाऊन तक्रार द्या. घर सासऱ्याच्या नावावर आहे. माझे कागद, दागिने, बँकेचं पासबुक सगळं तिकडंच. टोळीला कामावर नेणारा मुकादम भावाला फोन करतो, ‘उचल (कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे) भर, नाहीतर बहिणीला फडावर (ऊसतोडीच्या शेतात) पाठव.’ वकिलाला द्यायला पैसे नाहीत. मला फारकत नको, मार बंद पाहिजे. काय करू?

उत्तर : ताई, फारकत न मागता मार बंद करून मागता येतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा त्यासाठीच आहे. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. त्याखाली अर्ज केला म्हणून लग्न मोडत नाही, नांदण्याचा हक्कही जात नाही.

आधी त्या बाँडबद्दल. भावकीसमोरचा बाँड मोडला तर नवऱ्याचं काय झालं? काहीच नाही. तुम्ही मात्र मार खाऊन माहेरी आलात. न्यायदंडाधिकाऱ्यांनी याच कायद्याच्या कलम १८ खाली ‘मारहाण करू नये’ असा संरक्षण आदेश दिला आणि नवऱ्यानं तो मोडला, तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा होतो. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो बाँड मात्र फेकू नका. ‘पुन्हा’ हात उचलणार नाही असं लिहिणाऱ्यानं आधी हात उचलल्याचं कबूल केलेलं असतं. भावाकडे मूळ प्रत नसेल तर मोबाईलवर काढलेला फोटो शोधा आणि सही केलेल्या पंचांची नावं लिहून ठेवा.

मारलं सांगलीत, म्हणून तक्रारही सांगलीतच, हे चूक आहे. कलम २७ प्रमाणे तुम्ही आज जिथं राहता, मग ते तात्पुरतं माहेर का असेना, तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. नवऱ्यानं वा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचा फौजदारी गुन्हा, म्हणजे पूर्वीचं ४९८-अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, हाही छळामुळे आसरा घेतलेल्या ठिकाणी नोंदवता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय हद्दीचं कारण सांगून पोलीस फिर्याद नाकारू शकत नाहीत. त्यांनी ती शून्य क्रमांकानं नोंदवून पुढं पाठवायची असते. आणि घरातल्या हिंसेची तक्रार घेऊन बाई ठाण्यात आली की तिला संरक्षण अधिकाऱ्याबद्दल, मोफत वकिलाबद्दल, तिच्या हक्कांबद्दल सांगणं हे पोलिसांचं कर्तव्य कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम ५ मध्ये लिहिलेलं आहे. तुम्हाला यातलं काहीच न सांगता दारातून परत पाठवलं, याचा मला मनापासून राग येतो.

आता जायचं कुठं? तुमच्या भागासाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे. पत्ता माहीत नसेल तर अंगणवाडी ताईंना विचारा, किंवा बीडच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. त्यांना फी लागत नाही. ते तुमचं म्हणणं ऐकून ‘कौटुंबिक घटना अहवाल’ तयार करतात. तो छापील नमुना असतो आणि त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व मानसिक, आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाचे रकाने असतात. माझा आग्रह आहे की आर्थिक रकाना रिकामा सोडू नका. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल मिळते ती दोघांच्या कष्टावर, आणि पैसे मोजून घेतो एकटा नवरा. पहाटे अंधारात उठून फडात गेलात, मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहिल्या, गाडी भरली, आणि हातात बाजाराचे पैसेसुद्धा नाहीत. हा कायद्यानं आर्थिक छळ आहे. लाडक्या बहिणीचे महिन्याचे दीड हजार सासरचं कुणी परस्पर काढून घेत असेल तर तेही तिथंच लिहून घ्या. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बाया फक्त मार सांगतात, पैशाचं सांगतच नाहीत, आणि मग पोटगी ठरवताना कोर्टापुढं काहीच नसतं.

माहेरी राहणं धोक्याचं वाटलं, नवरा किंवा टोळीतली माणसं दारात आली, तर ११२ लावा. सल्ला, आसरा, पुढची वाट यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन रात्रंदिवस चालते. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवसांचा निवारा, समुपदेशन, दवाखान्याची आणि पोलिसांची मदत एकाच जागी मिळते. मुलगा लहान आहे, तो सोबत राहील. जास्त दिवस राहायची वेळ आली तर ते शक्ती सदनात, म्हणजे पूर्वीच्या स्वाधार गृहात, सोय करून देतात. वकिलाची फी तुम्ही द्यायचीच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली कुठल्याही महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत साध्या कागदावर अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे घालू नका, त्याची गरज नाही.

अर्जाच्याही आधी दवाखाना. ‘मोळी घेऊन पडले’ हे केसपेपरवर आलं म्हणून सगळं संपलं असं समजू नका. मारणारा शेजारी उभा असताना बाई खरं सांगत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक असतं आणि न्यायाधीशांनाही. खांदा अजून दुखत असेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जा, एक्स-रे काढा. डॉक्टरांना एकटीनं भेटा आणि सरळ सांगा : कोणी मारलं, कशानं मारलं, कुठल्या दिवशी, आणि तिकडच्या कागदावर वेगळं का लिहिलं गेलं. हे सगळं केसपेपरवर लिहायला लावा, प्रत घेतल्याशिवाय निघू नका. हाड मोडलेलं निघालं तर कायद्याच्या भाषेत ती जबर दुखापत होते आणि गुन्ह्याचं स्वरूप बदलतं. शेजारच्या कोपीतल्या बाईनं पाहिलं असेल तर तिचं नाव आणि गाव आठवून ठेवा. आत्ता ती टोळीत आहे, मुकादमाच्या धाकात आहे. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी आल्यावर ती बोलू शकेल.

अर्जात अंतरिम आदेशाची मागणी स्पष्ट लिहायला वकिलांना सांगा. कायदा म्हणतो की पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. म्हणूनच कलम २३ महत्त्वाचं : शपथपत्र दिलं तर न्यायदंडाधिकारी नवरा हजर होण्याआधीसुद्धा तात्पुरता आदेश देऊ शकतात. दुसरी अडचण नोटिशीची. नोटीस केजच्या पत्त्यावर जाते, घराला कुलूप किंवा म्हातारी माणसं, आणि ‘कामाला गेला आहे’ असा शेरा होऊन ती परत येते. असे दोन-तीन महिने सहज जातात. म्हणून अर्जात गावच्या पत्त्यासोबत कारखान्याचं नाव, गट ऑफिस, टोळीचा मुक्काम आणि मुकादमाचा मोबाईल नंबरही द्या.

घर सासऱ्याचं असलं तरी पावसाळ्याचे चार-सहा महिने तुम्ही तिथंच संसार केलात. घर नवऱ्याच्या नावावरच असलं पाहिजे अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. तिथं राहण्याचा हक्क किंवा त्याऐवजी भाड्याची सोय, दोन्ही कलम १९ खाली मागता येतं. मालकी मात्र मिळणार नाही, आणि सासूला घराबाहेर काढता येणार नाही. तेवढं लक्षात ठेवा. दागिने, कागद, पासबुक परत देण्याचा आदेशही याच कलमाखाली होतो, आणि कोर्टानं सांगितलं तर संरक्षण अधिकारी ते आणून देतात. तोवर थांबू नका. आधारला नवऱ्याचा मोबाईल नंबर जोडलेला असेल तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन आधी तो बदला, मग बँकेत जाऊन नवं पासबुक मागा.

पैशाचं म्हणाल तर नवरा कोर्टात सांगेल, मी मजूर, माझ्याकडे काही नाही. धडधाकट माणसानं अंगमेहनत करूनही बायकापोरांना पोसलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बजावलं आहे. त्याच्या मजुरीतला हिस्सा मजुरी देणाऱ्यानं थेट तुम्हाला द्यावा किंवा कोर्टात भरावा, असा आदेश कलम २० खाली मागता येतो. मुकादमाकडची त्याची नोंदवही म्हणूनच कामाची आहे.

मुलीला शाळेतून परस्पर उचलून आणू नका, भावालाही तसं करू देऊ नका. भांडण झालं तर उलट तक्रार होईल आणि पोरगी घाबरेल. कलम २१ खाली अर्ज चालू असतानाच तिचा तात्पुरता ताबा मागा. ती शाळेत जाते का, तिच्याकडे कोण बघतं, इथं माहेरच्या गावात शाळा किती लांब, हे अर्जात लिहा.

फिर्याद द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा, अर्ज त्यासाठी अडत नाही. कोर्ट समुपदेशनाला पाठवेल तेव्हा घाबरू नका. तिथं नवऱ्याला ‘तिनं असं केलं म्हणून मारलं’ असं समर्थन करायला नियमानं मनाई आहे. भावकीच्या बैठकीत तुमच्या वाट्याला आलं ते तिथं चालत नाही.

राहिला मुकादम. उचल तुमच्या भावानं घेतली नाही, कुठं सही-अंगठा दिला नाही, त्याच्याकडून वसुली होऊ शकत नाही. आणि उचल फिटेपर्यंत बाईनं फडावर आलंच पाहिजे अशी सक्ती करणं वेठबिगारीत मोडू शकतं. १९७६ च्या कायद्यानं ती बंद केलेली आहे. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. फोन भावाच्या मोबाईलवर येतात ना? ते रेकॉर्ड करून ठेवा आणि धमकीची वेगळी तक्रार ठाण्यात द्या. पुढच्या हंगामाची उचल पावसाळ्यातच वाटायला सुरुवात होते, तेव्हा नवरा तुमचा कोयता धरून पैसे उचलण्याची शक्यता आहे. त्याआधी मुकादमाला स्पीड पोस्टानं दोन ओळी पाठवा : मी यंदा कामाला येणार नाही, माझ्या नावावर कोणालाही उचल देऊ नये. पोस्टाची पावती वकिलांकडे द्या.