‘अनकॉन्स्टिट्यूशनली’चे तुकडे कुठून पाडायचे?

नाशिकच्या गंगापूर रोडवरून एका शिक्षिकेचा प्रश्न आलाय. ‘अनकॉन्स्टिट्यूशनली’, ‘फोटोग्राफिकली’ असली लांबलचक क्रियाविशेषणं वाचताना मुलं मध्येच अडखळतात. तुकडे पाडून द्यायचे तर ते प्रत्ययांप्रमाणे की उच्चाराप्रमाणे? आणि शेवटी नुसतं एल-वाय कधी लावायचं, ए-एल-एल-वाय कधी?

दोन्ही प्रकारे पाडा, पण एकाच वेळी नको. अर्थ आणि स्पेलिंगसाठी प्रत्यय सोडवायचे, वाचण्यासाठी अक्षरं मोजायची. हे दोन्ही छेद सहसा एका जागी पडत नाहीत, आणि मुलं अडकतात ती इथेच.

आधी प्रत्यय. सोडवायला शेवटून सुरुवात करायची. ‘ली’ काढा, ‘अनकॉन्स्टिट्यूशनल’ हे विशेषण उरतं. मग ‘अन’ काढा. तो ‘अल’च्या आधी निघायला हवा, कारण हा नकार विशेषणालाच चिकटलाय, ‘अनकॉन्स्टिट्यूशन’ असं नाम इंग्रजीत चालत नाही. मग ‘अल’ गेला की ‘कॉन्स्टिट्यूशन’, म्हणजे घटना, आणि ‘आयन’ गेला की ‘कॉन्स्टिट्यूट’ हे क्रियापद.

आता तोच शब्द तोंडाने: अन्-कॉन्-स्टि-ट्यू-श-न-ली. सात अक्षरं. (अक्षर म्हणजे इथे एका स्वराभोवतीचा उच्चाराचा तुकडा. हनुवटीखाली हात धरून बोलायला सांगा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितकी अक्षरं.) गंमत बघा, क्रियापदाच्या शेवटचा ‘ट’ उच्चारात ‘श’ होऊन पुढच्या तुकड्यात गेला. ‘अल’ आणि ‘ली’ असे दोन एल लिहायचे, पण ऐकू एकच येतो. प्रत्ययांप्रमाणे तुकडे पाडून वाचायला लावलं तर मूल ‘ट्यूट्-आयन्-अल्-ली’ म्हणणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

खरी किल्ली आघातात आहे. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची दबतात. ‘ली’ लावल्याने तो जोर हलत नाही. ‘आयन’ आणि ‘इक’ मात्र त्याला आपल्या लगेच आधीच्या अक्षरावर ओढून आणतात. म्हणून वरच्या शब्दात जोर ‘ट्यू’वर. ‘फोटोग्राफ’मध्ये तो ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टॉ’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रा’वर, आणि ‘फोटोग्राफिकली’तही ‘ग्रा’वरच. दबलेली अक्षरं कधी गळूनच पडतात: ‘कम्फर्टेबली’ आपण ‘टे’वर जोर देऊन चार अक्षरांत म्हणतो, पण इंग्रज सहसा तीनच म्हणतो, कम्फ्-ट-ब्ली, आणि जोर पहिल्यावर.

सरावही शेवटूनच घ्या: ली, नली, शनली, ट्यूशनली, स्टिट्यूशनली, असं मागे सरकत पूर्ण शब्दापर्यंत. पुढून सुरुवात केली की आघाताच्या अक्षरापर्यंत पोचताना मूल दमतं आणि शेपूट गिळतं. मागून आलं की शेपूट पाठच असतं.

आता ए-एल-एल-वाय. विशेषण आय-सीने संपत असेल तर ‘अली’ लिहायचं: बेसिक-बेसिकली, ड्रॅमॅटिक-ड्रॅमॅटिकली. ‘म्यूझिकल’, ‘लॉजिकल’ अशी ‘इकल’वाली विशेषणं पुष्कळ, त्याच साच्यात बाकीचीही बसली. पण बोलताना तो ‘अल’ दबतो, बेसिकलीत अक्षरं तीनच ऐकू येतात, म्हणून मुलं ‘अल’ न लिहिता मोकळी होतात. ‘अ‍ॅक्सिडेंटली’, ‘इन्सिडेंटली’ची चूकही ह्याच जातीची, मूळ विशेषणं ‘अ‍ॅक्सिडेंटल’, ‘इन्सिडेंटल’ आहेत, तेव्हा एल दोन हवेत. ठळक अपवाद ‘पब्लिकली’: तिथे ‘अल’ नाही. हा एक शब्द पाठच करून घ्या. बाकी किरकोळ: ‘पॉसिबल’, ‘सिंपल’चा शेवटचा ई जाऊन वाय येतो, आणि ‘ट्रू’, ‘ड्यू’चा ई गळतो.

मराठीतून समजवायचं असेल तर ‘इनेव्हिटेबली’च्या शेजारी ‘अपरिहार्यपणे’ लिहा. ‘इन’च्या जागी ‘अ’, टाळणं ह्या अर्थाच्या लॅटिन धातूच्या जागी ‘परि’सकट ‘हृ’, ‘एबल’च्या जागी ‘य’, ‘ली’च्या जागी ‘पणे’. इतकी चोख जोडी क्वचित सापडते. ‘पणे’ ही ‘पण’ची तृतीया. ‘ली’च्या मुळाशीही नामच आहे: जुन्या इंग्रजीत ‘लीच’ म्हणजे शरीर, रूप. ‘लाइक’ त्याच घरातला. म्हणून ‘फ्रेंडली’ म्हणजे मित्राच्या रूपाचा, आणि म्हणूनच ते विशेषण. त्याला आणखी एक ‘ली’ लावायला जाऊ नका, ‘इन अ फ्रेंडली वे’ म्हणा.

आणि लांबीला घाबरणाऱ्या मुलांना ‘नाशिकमधल्यांपैकीसुद्धा’ म्हणायला सांगा. ना-शिक्-मध्-ल्यां-पै-की-सुद्-धा, आठ अक्षरं. इंग्रजी शब्दापेक्षा एक जास्तच.