विद्यापीठ आणि शहराचा आरोग्य विभाग एकत्र आल्याने एचआयव्ही रुग्णाला प्रत्यक्ष काय फायदा होतो?

निदान आणि पहिली गोळी यांतलं अंतर आठवड्यांवरून एका दिवसावर येतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'वॉर्ड ८६' या एचआयव्ही दवाखान्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये 'रॅपिड' पद्धत सुरू केली: रक्ताचे नमुने घ्यायचे, पण रिपोर्टची वाट न पाहता पहिली गोळी समोर बसवून द्यायची आणि पाच दिवसांचा साठा हातात ठेवायचा. विषाणू दबायला लागणारा काळ (मध्यक) ४.३ महिन्यांवरून १.८ वर आला, अर्थात त्या अभ्यासात रॅपिडचे रुग्ण जेमतेम ३९ होते. रिपोर्ट नसताना औषध जपून निवडावं लागतं. अबाकाविर हे एचआयव्हीचं औषध टाळायचं, कारण ॲलर्जीचा धोका सांगणारी एचएलए-बी ५७०१ चाचणी अजून आलेली नसते. आरोग्य विभागाचं काम वेगळं, आणि माझ्या मते जास्त किचकट. व्हायरल लोडचे (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचे) रिपोर्ट कायद्याने त्यांच्याकडे येतात, त्यावरून उपचार सुटलेला माणूस हेरून त्याला परत आणायचं. डॉक्टरांना एकट्याने हे जमत नाही. मात्र क्रिप्टोकोकल (बुरशीमुळे होणारा) मेंदूज्वर असेल तर त्याच दिवशी एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, नको. आधी बुरशीवर उपचार, मग चार ते सहा आठवड्यांनी.