तुमचं जुनं डिझेल इंजिन आत्ता कुठे आहे?

बेळगाव तालुक्यातल्या एका भाजी वाहतूकदाराचं पत्र समोर आहे. गाडी केए-२२ ची, डिझेल व्हॅन. पंप-नोझलचं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांचं, काम परवडेना म्हणून त्यांनी कोल्हापूरच्या एका गॅरेजात डिझेल इंजिन उतरवून पेट्रोल इंजिन बसवून घेतलं. गाडी पासिंगला नेली तेव्हा इंजिन नंबर जुळला नाही. आधी नोटीस आली, मग नोंदणी निलंबित केल्याचा आदेश. दोन्ही कागद कन्नडमध्ये, म्हणून कपाटात पडून राहिले. आदेश हातात पडून सात आठवडे झाले. आता ते विचारतात, ‘पेट्रोल इंजिन आरसीवर चढवून घेता येईल का? एजंट पंचवीस हजार मागतोय.’

खानापूर, निपाणीकडूनही अशी पत्रं येतात आणि सगळ्यांना आरसीवर चढवायची घाई असते. मला तुमच्या पत्रातली शेवटची ओळ महत्त्वाची वाटते. जाता जाता तुम्ही लिहिलंय की जुनं इंजिन गॅरेजवाल्याने ठेवून घेतलं आणि त्याचे नऊ हजार बिलातून वजा केले. तुमची सगळी केस त्या इंजिनावर उभी आहे.

कारण असं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ म्हणतं की कंपनीने गाडी जशी ठरवून दिली आहे, त्याच्याशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. इंधन बदलायला एक वाट ठेवली आहे, पण ती किटची: सीएनजी, एलपीजी, बॅटरी वगैरेसाठी, तेही ठरवून दिलेल्या अटींवर. तुम्ही किट बसवलेलं नाही. अख्खं इंजिनच दुसऱ्या जातीचं आणून बसवलंत. दहा किंवा अधिक वाहतूक गाड्या असलेल्या मालकांना राज्य सरकार इंजिन बदलायची मोकळीक देऊ शकतं, तीसुद्धा त्याच कंपनीच्या, त्याच प्रकारच्या इंजिनापुरती. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका आरटीओच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थानेच वाचलं. तुमच्या मॉडेलला कंपनीने स्वतः पेट्रोल इंजिन दिलं असेल तर एखादा अधिकारी अर्ज ऐकून घेईलही, पण त्या भरवशावर बसा असं मी सांगणार नाही. आणि ‘इंधन’ या रकान्यात पंचवीस हजारांत पेट्रोल लिहून आणतो म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागलात, तर आजचं दंडाचं प्रकरण उद्या बनावट कागदपत्रांचं होईल.

आता तुमच्या हातातला आदेश. तो कलम ५३ खालचा आहे. या कलमात नोंदणी निलंबित राहते ती दोष दूर होईपर्यंत, पुढे नाही. तुमच्या गाडीतला दोष एकच आहे: आरसीवर एक इंजिन, गाडीत दुसरं. मूळ इंजिन परत बसलं, ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावरचा, नंबर आरसीशी जुळला, की दोष संपला. त्यासाठी कुणाची मेहेरबानी लागत नाही. तपासणी मागायची आणि निलंबन उठवायचा अर्ज द्यायचा.

पण याला मुदत आहे. निलंबन सलग सहा महिने चाललं की कलम ५४ प्रमाणे नोंदणीच रद्द करता येते. त्यातले सात आठवडे तुम्ही कपाटात घालवलेत. अपिलाचे ३० दिवस तर केव्हाच गेले. कन्नड वाचता येत नाही हे मी समजू शकतो, पण गल्लीत कन्नड शाळेत जाणारं एकही पोर नाही यावर माझा विश्वास बसत नाही. आरटीओचा शिक्का असलेला, रजिस्टर पोस्टाने आलेला कागद त्याच संध्याकाळी वाचून घ्यायचा असतो. उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करू का, असंही तुम्ही विचारलंय. करता येईल, पण तिथे तारखा पडत राहतील आणि सहा महिने निघून जातील. शिवाय गाडीत पेट्रोल इंजिन असताना न्यायालयापुढे मागणार काय?

म्हणून आजच कोल्हापूर गाठा. फोनवर विसंबू नका. इंजिन अजून गॅरेजात आहे की भंगारवाल्याकडे गेलं, ते डोळ्यांनी बघा. ब्लॉकवरचं ग्रीस पुसून नंबर वाचा आणि आरसीशी ताडा. कागद धरून पेन्सिल घासून ठसाही घ्या. हेड, पंप, नोझल नवं पडलं तरी बिघडत नाही, पण नंबर असलेला ब्लॉक तोच हवा. नऊ हजार परत द्यावे लागले तर द्या, पंप-नोझलचा खर्चही आता सोसावाच लागेल. इंजिन बसवल्याच्या बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. तुम्ही पाठवलेल्या पावतीवर ‘जुने पेट्रोल इंजिन, रोख’ एवढंच आहे. ते कुठल्या गाडीतून निघालं, ती गाडी कुणाची, याचा पत्ता नाही. उद्या ते चोरीच्या गाडीतलं निघालं तर पोलिस तुमच्या दारात येतील. ते परत करताना परत केल्याची पावती, नंबरासह, घ्याच.

ब्लॉक फुटून वितळायला गेला असेल तर काम अवघड आहे. मग त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं डिझेल इंजिन पक्क्या बिलावर शोधायचं, पण आधी आरटीओची लेखी परवानगी, त्यानंतरच गाडीला पाना लावायचा.

गोव्याच्या फेऱ्या रात्री चोर्ला घाटातून चालू आहेत, हे वाचून मला धक्का बसला. निलंबित नोंदणीची गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे कलम ३९ चा भंग. पहिल्यांदा २ ते ५ हजार दंड, पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैदही, आणि गाडी जप्त होऊ शकते ते वेगळंच. विनापरवाना बदलासाठी कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. हे सगळं एक वेळ निभावेल. पण घाटात कुणाच्या अंगावर गाडी गेली आणि विमा कंपनीने इंजिन वेगळं असल्याचा मुद्दा काढला, तर भरपाई तुमच्याकडून वसूल होण्याचा धोका आहे. ती रक्कम भाजीच्या भाड्यातून फिटणारी नसते, शेत विकावं लागतं. आजच्या रात्रीचीही फेरी नको. आरटीओत गाडी न्यायची तीसुद्धा दुसऱ्या गाडीत भरून.

अर्जाच्या भाषेबद्दल. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे तक्रारीचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं, मराठीतही. हा हक्क आपण सोडू नये असं माझं ठाम मत आहे. तरी या वेळी मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा, म्हणजे भाषेच्या कारणाने तो टेबलावर पडून राहणार नाही. सोबत मूळ आदेशाची प्रत, इंजिन बसवल्याचं बिल आणि नंबराचा ठसा लावा. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

ब्लॉक मिळाला की नाही, ते मला दोन दिवसांत कळवा.