ओव्हन नसताना उरलेल्या अन्नाचं स्वस्तातलं कॅसरोल कसं करावं?

तुम्ही लातूरला दोघी मैत्रिणी खोली करून राहता, गॅस एकच, ओव्हन नाही, आणि उरलेल्या भाकरी-भाताचं कॅसरोल करता येईल का, असं विचारलंय. येतं. ओव्हन, चीज आणि क्रीम ह्या तिन्ही गोष्टी मात्र डोक्यातून काढून टाका.

आपल्याकडे कॅसरोल म्हटलं की पोळ्या गरम ठेवायचा डबा आठवतो. परदेशातला हा पदार्थ म्हणजे एकाच भांड्यात रचलेलं जेवण. पोटभरीचं काहीतरी, सोबत डाळ, भाजी किंवा मांस, सगळ्याला धरून ठेवणारा दाट रस आणि वरून खरपूस थर.

तो दाट रस आपल्याकडे येसराचा होतो. आमच्या घरी गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खमंग भाजतात आणि धणे, जिरे, लाल मिरचीसोबत दळून आणतात, तेच येसर. धान्य आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे रस कच्चट लागत नाही आणि थोड्या तेलात भागतं. पुढच्या वेळी गावाकडून येताना अर्धा किलो येसर घेऊनच या.

भाकर मात्र वाळलेलीच हवी. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, ताजी भाकर रसात पडली की लगदा होतो. दोन शिळ्या भाकरींचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून दिवसभर उन्हात वाळवा. लातूरच्या उन्हात कडकडीत होतात.

आता मूठभर सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून पिळून घ्या. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत साधारण ५० ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय किराणा दुकानात त्या सहज मिळतात. जाड बुडाच्या कढईत तेल, मोहरी, लसूण, कांदा, हळद, मग वड्या. तीन मोठे चमचे येसर आधी गार पाण्यात कालवा, गरमात टाकलं तर गुठळ्या होतात. दोन ग्लास पाणी उकळलं की हे कालवलेलं येसर ओता, मीठ घाला, पाच मिनिटं शिजू द्या. अर्धा रस वाटीत काढून ठेवा. कढईतल्या रसावर भाकरीचे तुकडे पसरा, असेल तर कालचं घट्ट वरण किंवा उरलेली भाजी पसरा, काढलेला रस वरून ओता. कढईखाली तवा ठेवून, झाकण घालून मंद आचेवर पंधरा मिनिटं. मध्ये ढवळायचं नाही, थर मोडतात. उतरवल्यावर कारळाची चटणी आणि शेंगदाण्याचं जाडसर कूट भुरभुरा. कडेला जी खरवड धरते ती माझी सगळ्यात आवडती.

भाताचंही असंच होतं, पाणी निम्मं घ्या. पण भाताबाबत फार जपा. त्यातल्या बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात उबेत पडून राहिला की ते वाढून विष तयार करतात. ते पुन्हा उकळूनही जात नाही. उन्हाळ्यात तर पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा भात तासाभरात पसरट ताटात गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रिज नसेल तर भात मोजकाच लावा आणि उरवायची ती भाकर उरवा.

मी हे सगळं २०१६ च्या उन्हाळ्यात शिकले. लातुरात भाड्यानं राहत होते, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं ते दिवस. भांडी घासायलासुद्धा पाणी मोजून घ्यायचो, म्हणून भाजी, वरण, भाकर एकाच कढईत करायला लागले. परिस्थिती निवळली तरी ती सवय सुटली नाही.

महिनाअखेरीला वड्या संपल्या तर भिजवलेली मटकी घाला, पण ती आधी शिजवून. झाकणाखालच्या पंधरा मिनिटांत कच्ची मटकी शिजत नाही.