रेडिओवर 'से अगेन' म्हणायला लेकीला शिकवा

ताई, नमस्कार.

तुमची लेक दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, फिजिक्स-मॅथ्स घेऊन बारावी झाली आणि आता कमर्शियल पायलट लायसन्ससाठी उड्डाणाचं प्रशिक्षण घेते आहे. मागच्या महिन्यात टॉवरने, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने, तिला धावपट्टीच्या अलीकडे थांबायला सांगितलं. ती 'रॉजर' म्हणाली आणि विमान पुढे नेतच राहिली. समोरून दुसरं विमान उतरायला येत होतं. इन्स्ट्रक्टरने ब्रेक दाबला म्हणून निभावलं. नंतर ते म्हणाले, "तुझं इंग्रजी या कामाचं नाही." आता तीन महिने सगळं थांबवून स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा, की हे स्वप्नच सोडायला सांगावं, असं तुम्ही विचारता.

स्वप्न सोडायला सांगू नका. क्लासचीही गरज नाही. मात्र जे घडलं ते गंभीर आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं.

रेडिओवर लागणारी वाक्यं मोजकी आणि ठरलेली असतात. कोणाला बोलावतोय, आपण कोण, कुठे आहोत, काय हवं, या क्रमाने बोलायचं. अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी सांगायची. तीनला 'ट्री', नऊला 'नायनर' म्हणायचं, म्हणजे खरखरीतही आकडा चुकत नाही. मराठी माध्यमातली कितीतरी मुलं हे काही महिन्यांत पक्कं करतात. तुमच्या लेकीचं चुकलं ते रीडबॅकमध्ये, म्हणजे मिळालेली सूचना परत म्हणून दाखवण्यात. धावपट्टीच्या अलीकडे थांबा, धावपट्टी ओलांडा, धावपट्टीवर येऊन थांबा, उड्डाण करा, उतरा, यातली कोणतीही सूचना आली की धावपट्टीचा क्रमांक आणि स्वतःची कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव) घेऊन ती परत म्हणावीच लागते. 'होल्डिंग शॉर्ट रनवे टू-सेव्हन' (धावपट्टी २७ च्या अलीकडे थांबते आहे) आणि पुढे कॉलसाइन असं तिने उच्चारलं असतं, तर आपण काय कबूल करतोय हे तिच्याही ध्यानात आलं असतं, आणि ऐकण्यात चूक असती तर टॉवरने तिथल्या तिथे दुरुस्त केली असती. 'रॉजर'वरून फक्त निरोप पोचल्याचं कळतं. (टॉवरनेही तिच्याकडून रीडबॅक मागून घ्यायला हवा होता, पण वैमानिकाने त्या भरवशावर राहायचं नसतं.)

अस्खलित इंग्रजी आणि दांडगा अनुभव असला की माणूस सुरक्षित, हा समज किती घातक आहे ते २७ मार्च १९७७ ला दिसलं. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ एकाच धावपट्टीवर होती. एक डच कंपनी केएलएमचं, दुसरं अमेरिकेच्या पॅन ॲमचं. केएलएमचे कॅप्टन म्हणजे इतरांना ७४७ शिकवणारे ज्येष्ठ वैमानिक. टॉवरने त्यांना उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला होता. उड्डाणाची परवानगी दिलेली नव्हती. तरी केएलएमचं विमान धावू लागलं आणि त्याचा सहवैमानिक रेडिओवर मोघम बोलला. टॉवरने त्यांना थांबायला सांगितलं, नेमकं त्याच वेळी पॅन ॲमचं विमान आपण अजून धावपट्टीवरच असल्याचं सांगत होतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघे एकदम बोलले की कर्कश शिट्टी ऐकू येते. त्या शिट्टीत दोन्ही निरोप अस्पष्ट झाले. तरीही केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. पॅन ॲमचं विमान अजून बाजूला झालेलं नाही का, असं त्याने विचारलं. झालंय, असं कॅप्टनने ठासून सांगितलं. इंजिनिअरने पुढे विरोध केला नाही. ५८३ माणसं गेली.

ताई, त्या माणसाचं गप्प होणं मला फार छळतं. आपल्या घरांत आणि वर्गांत, विशेषतः मुलींना, हेच वळण लावलं जातं: मोठ्यांना एकदा विचारलं, पुरे झालं, पुन्हा विचारणं म्हणजे उद्धटपणा किंवा बावळटपणा. विमानात हे वळण मोडावंच लागतं. ऐकू आलं नाही, अर्धं कळलं, शंका आली, तर 'से अगेन', म्हणजे 'पुन्हा सांगा'. तरीही कळलं नाही तर पुन्हा 'से अगेन'. टॉवरचा आवाज वैतागलेला वाटला तरी. आणि जमिनीवर असताना आधी विमान थांबवायचं, मग बोलायचं.

नुसतं परत म्हणूनही भागत नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाच्या विमानाला 'नंबर वन' म्हणून धावपट्टीबाहेरच्या थांब्यापर्यंत यायला सांगितलं होतं. त्यांनी रीडबॅक बरोबर दिला, पण आपल्याला धावपट्टीवर जायची परवानगी आहे असं समजून ते आत गेले. उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान त्यांच्यावर आदळलं. प्रवासी विमानातले सगळे ३७९ जण बाहेर पडले. तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. म्हणून तोंडाने म्हणताना डोळे धावपट्टीच्या तोंडाशी आखलेल्या पिवळ्या रेघांवर हवेत. दोन सलग आणि दोन तुटक रेघा असतात; सलग रेघा आपल्या बाजूला असतील तर स्पष्ट परवानगीशिवाय चाक पुढे जाता कामा नये. टॉवर नसलेल्या धावपट्टीवर परवानगी देणारं कोणी नसतं. तिथे तर रेडिओवर आपला ठावठिकाणा सांगून, दोन्ही बाजूंचं आकाश पाहिल्याशिवाय आत शिरायचंच नाही.

घरी सराव असा करा. गच्चीवर खडूने धावपट्टी, टॅक्सीवे (धावपट्टीकडे नेणारा रस्ता) आणि त्या चार रेघा आखा. लेकीने सूचना देवनागरीत चिठ्ठ्यांवर लिहून द्याव्यात आणि तुम्ही टॉवर व्हा. चिठ्ठी वाचताना मधेच पुटपुटा, एखादा आकडा गाळा, घरातल्या कोणाला तरी तुमच्याबरोबरच बोलायला लावा. ती चालता चालता थांबली आणि तिने 'से अगेन' म्हटलं, तर सराव बरोबर चालला आहे. अंदाजाने पुढे पाऊल टाकलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

आरटीआर, म्हणजे रेडिओ वापरण्याच्या परवान्याच्या, परीक्षेतही असंच रेडिओवर बोलून दाखवावं लागतं. ती पूर्वी दूरसंचार विभाग घेत असे. २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमानंतर डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) आली आहे. इंग्रजीची वेगळी चाचणीही होते. तिथे आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी लागते, आणि त्या पातळीला मातृभाषेची छटा असलेला उच्चार चालतो, फक्त तो समजायला हवा.

या आठवड्यात चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरना भेटा. लेकीलाही सोबत न्या आणि बोलू तिलाच द्या. त्या घटनेची नोंद झाली का आणि तिच्याबरोबर बसून ती उलगडून सांगितली का, हे तिने विचारावं. नुसता ओरडाच मिळाला असेल तर इन्स्ट्रक्टर बदलून मागा. ओरड्याला घाबरणारा विद्यार्थी प्रश्न विचारणं बंद करतो, आणि मला तिच्या उच्चारांपेक्षा त्याची जास्त काळजी वाटते. ते काय म्हणाले ते मला कळवा. पुढचं पत्र मात्र तिने स्वतः लिहावं, मराठीतच.