आधी आयनोग्राम स्वतः वाच

आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागावर, काम करायचं ठरवलंस, फार आनंद झाला. एकच आग्रह आहे: पहिले काही महिने संगणकीय प्रारूपांच्या मागे लागू नकोस. आयनोग्राम, म्हणजे आयनोसोंड या रडारसारख्या यंत्राने काढलेला प्रतिध्वनींचा आलेख, घे आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाच. आयनोसोंड साधारण १ ते २० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सरळ वर सोडतं आणि प्रतिध्वनी किती वेळात परतला ते मोजतं. पण त्यातून मिळते ती आभासी उंची, म्हणजे लहर सगळीकडे प्रकाशाच्याच वेगाने गेली असं धरून काढलेली. थरात शिरताना लहर मंदावते, त्यामुळे खरी उंची कमीच असते. नवखे इथेच फसतात. विषुववृत्ताजवळ रात्री एफ थराचा (आयनांबराच्या सर्वांत वरच्या थराचा) आयनोग्रामवरचा माग पसरट झाला, की स्वयंचलित वाचनही चुकतं.

रात्री डी थर (सर्वांत खालचा) विरतो, एफ मात्र टिकतो, कारण खाली हवा दाट असते आणि इलेक्ट्रॉन लवकर नाहीसे होतात. हे नीट पचव.

आणखी एक. सौरचक्र, म्हणजे सूर्याच्या सक्रियतेचा चढउतार, सुमारे ११ वर्षांचं, तुझी पीएचडी त्याच्या निम्म्यात संपेल. म्हणून १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षापासूनच्या नोंदी जरूर धुंडाळ. आणि तुझ्या केंद्रावर अँटेना बदलली, घड्याळ सरकलं, तर त्याच दिवशी वहीत लिहून ठेव.